पाच नंबरचं मांडूळ

शहागंजात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या निजामुद्दीनला तीन मुलगे. थोरल्या दोघांना त्यानं दुकानात बसवलं आणि तिसऱ्याला, गयासला, सांगितलं, "तिघांना पुरेल एवढं टेबल नाही बेटा. तू नोकरी बघ." खरं तर तिघांत हात चांगला होता तो गयासचाच. बारीकशा चिमट्यात केसाएवढा स्क्रू धरला तरी त्याची बोटं हलत नसत. पण धाकट्यानं हट्ट करायचा नाही, असा घरचा रिवाज होता. गयास उठला आणि शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या विभागात परिचर म्हणून चिकटला. नोकरी हंगामी होती. काचा धुवायच्या, बेडूक आणायचे, सरांना चहा सांगायचा.

त्याच्या हाताची किंमत पहिल्यांदा ओळखली ती पुंडलिकनं.

पुंडलिक खिल्लारे परभणीकडच्या एका खेड्यातला. बौद्धवाड्यातून कॉलेजची पायरी चढलेला पहिला पोरगा. एम. एस्सी.ला वरचा नंबर काढून तो विभागप्रमुख आप्पासाहेब नाईकवाडे यांच्या हाताखाली संशोधनाला लागला होता. विषय होता सापांची आणि सरड्या-पालींची गुणसूत्रं. पेशीतल्या त्या बारीक काड्यांचे आकार जुळवून पाहायचे आणि कोणता साप कोणाच्या जवळचा, कोणाचं घराणं जुनं, कोण पुढं निघून गेलं, ते लावायचं.

काम किचकट होतं. सापाच्या हाडातला मगज काढून, औषधांत ठेवून पेशी फुगवायच्या, मग मिथेनॉल आणि ॲसिडच्या पाण्यात धरून ठेवायच्या. शेवटी त्या पाण्याचा एक थेंब हातभर उंचीवरून काचेवर सोडायचा. थेंब नीट फुटला तर काड्या सुट्या सुट्या पसरतात. नाही फुटला तर शेवयांचा गुंता. पुंडलिकचे दहातले आठ थेंब वाया जायचे. एकदा वैतागून त्यानं ड्रॉपर गयासच्या हातात दिला. गयासनं थेंब सोडला. पुंडलिकनं मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"गयासभाई, आजपासून स्लाइडी तुमच्याकडं," तो म्हणाला.

तिथून दोघांचं मेतकूट जमलं. पुंडलिकनं त्याला परिचर म्हणून कधी वागवलं नाही. शेजारी बसवून मायक्रोस्कोपातून दाखवायचा. "ह्या बघा जोड्या. प्रत्येक काडीला जोडीदार आहे. आता ही चौथी जोडी, नर-मादी ठरवणारी. सापाच्या नरात दोघं सारखे. मादीत मात्र गंमत असती. ही धामणीची मादी. एकाची कंबर, म्हणजे ही आवळलेली जागा, मधोमध आहे, दुसऱ्याची वर सरकलीय. दिसतंय का?"

"दिसतंय की."

"नागाच्या मादीत तर जोडीदार ओळखू येत नाही इतका बदललेला असतो. पण मांडूळ, अजगर ही जुनी घराणी. त्यांच्या मादीत दोघं अजून जुळ्या भावासारखे, असं पुस्तकं सांगतात. म्हणजे हा बदल कसा कसा होत गेला, त्याच्या पायऱ्याच आपल्याला दिसतात. आपल्याकडच्या मांडुळांत ती पायरी कुठं आहे, ते कुणी बघितलेलंच नाही."

मांडूळ आणून द्यायचा तो पडेगावचा मुंजाबा धनगर. मेंढरं चारताना मऊ मातीत त्याला ते सापडायचं. पिशवी टेबलावर ठेवताना तो दर वेळी कुरकुरायचा, "लई गरीब जनावर हाय सायेब. उंदरं खाऊन शेत राखतं. तुमी त्येच्या हाडात काय हुडकता, देवाला ठावं." दोन वर्षांत त्यानं आणलेल्या मांडुळांत माद्या निघाल्या दोनच. दोन नंबरची आणि पाच नंबरची. दोन नंबरच्या पेशी आधीच खराब झाल्या. उरली पाच नंबरची.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेर विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि चार दिवसांत मराठवाडा पेटला. खेड्याखेड्यांतून दलित वस्त्या जाळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. पुंडलिकच्या गावाचं नाव एका सकाळी कुणीतरी कॉलेजच्या फाटकातच त्याच्या कानावर घातलं. तो तसाच प्रयोगशाळेत आला. रॅकमध्ये आठ ट्यूब उभ्या होत्या. तीनमध्ये धामणी, बाकीच्यांत मांडूळ.

"गयासभाई, मी निघतो. एस.टी. बंद आहेत, चालत जावं लागलं तरी जाईन. ह्यांच्या स्लाइडी तुम्ही करा. चिठ्ठ्या नीट लावा आणि पेन्सिलनंच लिहा. शाई मिथेनॉलमध्ये टिकत नाही."

"तुम्ही जा. फिकर नका करू."

गयासनं चिठ्ठ्या लावल्या. पण पेन्सिल सापडली नाही. ड्रॉवरमध्ये नव्हती, सरांच्या टेबलावर नव्हती. खिशाला पेन होतं. आत्तापुरतं पेनानं लिहू, स्लाइडवर पेन्सिलनं लिहिलं म्हणजे झालं, असं म्हणून त्यानं आठही चिठ्ठ्या शाईनं लिहून चिकटवल्या. कधी नव्हे ते हात घाईत होते.

अकराच्या सुमाराला बाहेर गलका झाला. दुकानांची शटरं धडाधड खाली येऊ लागली. कुणीतरी व्हरांड्यातून ओरडत गेलं, "शहागंजात दगडफेक झाली, शाळा सोडल्या!" गयासची पाच वर्षांची सगीरा शहागंजातल्या शाळेत होती. तो ताडकन वळला आणि त्याचा कोपर रॅकला लागला. रॅक आडवा झाला. सहा ट्यूब जागच्या जागी अडकून राहिल्या, दोन उडाल्या. एक फरशीवर फुटली. दुसरी फळीवर पडून वाचली, पण फुटलेलीतलं पाणी तिच्यावर उडालं होतं. गयासनं ती उचलली तेव्हा चिठ्ठीवरची शाई पांढऱ्या कागदावरून निळ्या ओघळानं उतरत होती. फुटलेल्या काचेवरची चिठ्ठी तर कोरीच झाली होती.

रॅकमधल्या बाकीच्या चिठ्ठ्या त्यानं वाचल्या. नव्हत्या त्या दोन : धामण, मादी, तीन आणि मांडूळ, मादी, पाच. म्हणजे हातात होती ती दोहोंतली एक.

कोणती? वास एक, रंग एक, पाण्याखाली बसलेला पांढुरका गाळही एकच. धामणीच्या स्लाइडी आधीच डबाभर झाल्या होत्या. मांडुळाची मादी दोन वर्षांत ही एवढीच. फुटलेली धामणीचीच असू दे, असं त्याच्या मनानं मागितलं, आणि मागितलं तेच हातानं लिहिलं. सगीराला घरी पोचवून तो दुपारी परत आला, पेन्सिल शोधून काढली आणि त्या ट्यूबवर नवी चिठ्ठी लावली : मांडूळ, मादी, ५. मग त्यातले थेंब काचांवर सोडले. हात नेहमीसारखाच स्थिर होता.

पुंडलिक आला की सगळं सांगायचं, हे त्यानं पक्कं ठरवलं होतं.

पुंडलिक अकरा दिवसांनी आला. दाढी वाढलेली, अंगावर कुणाचा तरी मोठा सदरा. घर जळालं होतं. आई-बाप आणि बहीण दोन दिवस बाभळीच्या वनात लपून राहिली होती. बापाचा हात मोडला होता. त्याची एम. एस्सी.ची पुस्तकं, जी त्यानं बापाला दाखवायला गावी नेऊन ठेवली होती, तीही गेली. हे सगळं त्यानं स्टुलावर बसून सपाट आवाजात सांगितलं आणि विचारलं, "स्लाइडी झाल्या?"

"झाल्या," गयास म्हणाला. "एक ट्यूब फुटली. धामणीची."

"धामणीची ना? जाऊ द्या. मांडूळ वाचलं ना?"

गयासनं होकाराची मान हलवली. घर जळालेल्या माणसाला आज आणखी काय सांगायचं? उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकनं त्या स्लाइडी रंगवून मायक्रोस्कोपखाली घेतल्या. थोड्या वेळानं त्यानं हाक मारली ती नेहमीची नव्हती. "गयासभाई! इकडं या. चौथी जोडी बघा." गयासनं पाहिलं. एकाची कंबर मधोमध होती आणि दुसऱ्याची वर सरकलेली.

"मांडुळात! जुन्या घराण्यात पहिली पायरी! कुणाला दिसलेली नाही आजवर." पुंडलिक हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अकरा दिवसांत तो रडला नसावा, ते सगळं आत्ता येत होतं. त्यानं गयासला मिठी मारली. काचेवर काय आहे, ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं. पण ज्याचं सगळं जळालंय त्याच्या हातात आलेली एकच गोष्ट आपण कशी काढून घ्यायची? तो दिवसही गेला. मग आठवडा गेला. आणि न सांगितलेल्या गोष्टीचं असं असतं, की जितके दिवस जातात तितकं तोंड उघडणं अवघड होतं. कारण मग चुकीबरोबर गप्प बसल्याचाही जाब द्यावा लागतो.

पुंडलिक स्वतः म्हणत होता की एका मादीवर बोलू नये, आणखी दोन-तीन पाहिजेत. पण पुढल्या वर्षी मुंजाबाला मांडूळ मिळालं नाही, आणि पुंडलिकही नामांतराच्या सत्याग्रहात महिनाभर तुरुंगात होता. आप्पासाहेबांना मात्र घाई झाली होती. विभागाचं नाव होईल म्हणून त्यांनी ऐंशी साली त्याला दूरच्या एका शहरातल्या परिषदेत उभं केलं. तिथं एका जाणत्या शास्त्रज्ञानं फोटो हातात घेऊन शांतपणे एवढंच म्हटलं, "हे खरं असेल तर मोठं आहे. ताज्या पाच माद्यांवर पुन्हा करून दाखवा."

मुंजाबानं आणि त्याच्या भावकीनं त्या पावसाळ्यानंतर रान पालथं घातलं. पाच माद्या मिळाल्या. गयासनंच थेंब सोडले. पाचही माद्यांत चौथ्या जोडीतले दोघं जुळे भाऊ निघाले. कंबर कुणाचीच सरकलेली नव्हती.

विभागात कुजबुज सुरू झाली. फोटो बनवलाय. दोन काड्या कापून चिकटवल्यात. एक जण तर चहा पिताना गयासच्या देखत म्हणाला, "मोर्चे काढणाऱ्यांकडनं शास्त्राची अपेक्षा कशाला करायची?" गयासनं रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले आणि तो बाहेर गेला.

मग आप्पासाहेबांनी त्याला खोलीत बोलावलं. गयासची कायम नोकरीची शिफारस त्याच आठवड्यात वर जायची होती, आणि ते दोघांनाही माहीत होतं. आप्पासाहेब माणूस वाईट नव्हते, फक्त आपल्या नावाला फार जपायचे. त्यांनी चष्मा काढला.

"गयास, एकदाच विचारतो. त्या पाच नंबरच्या चिठ्ठ्या तूच लावल्या होत्यास ना? काही गडबड? अदलाबदल?"

सांगायला यापेक्षा सरळ वेळ पुन्हा येणार नव्हती. गयासला सगळं दिसत होतं : निळा ओघळ, फरशीवरची काच, पेन्सिल. त्याला घरी वाट बघणारी बायको आबेदा दिसली, सगीरा दिसली, सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरी दिसल्या.

"नाही साहेब," तो म्हणाला.

"बघ हं."

"चिठ्ठ्या बरोबर होत्या साहेब."

आप्पासाहेबांनी चष्मा घातला. महिनाभरात त्यांनी पुंडलिकच्या मार्गदर्शनातून अंग काढून घेतलं. फोटो खरा आहे एवढंच पुंडलिक सांगत राहिला, भांडला नाही. त्याची वही, फोटो, स्लाइडींचा लाकडी डबा त्यानं कपाटात नीट लावून ठेवला आणि गयासला म्हणाला, "तुमच्या हातासारखा हात पुन्हा मिळायचा नाही." गयास कायम झाला. आबेदानं मोहल्ल्यात मिठाई वाटली. गयासनं हातातला तुकडा परत ताटात ठेवला. "कायकू नै खा रै जी? खुशी की बात है ना?" तिनं विचारलं. तो म्हणाला, दात दुखतोय.

पुढं वाळूजला कारखाने उभे राहिले. पुंडलिकला एका कारखान्यात तपासनिसाचं काम मिळालं. यंत्रातून निघालेले सुटे भाग मापायचे, चुकीचा असेल तो बाजूला टाकायचा. त्यानं लग्न केलं आणि पडेगावला दोन खोल्यांचं घर बांधलं. तोवर मुंजाबाची मेंढरं चरायची ती माळरानं प्लॉटांखाली गेली होती, आणि मुंजाबाही कुठल्याशा फाटकावर राखणीला बसायला लागला होता.

पुंडलिकनं गयासचं घर मात्र सोडलं नाही. ईदला यायचा. बायको राजाबाईला घेऊन शिरखुर्मा खायचा. आणि सगीरा दहावीला गेली तेव्हा तिचं शास्त्र कच्चं आहे असं कळल्यावर रविवारी सकाळी सायकल मारत पडेगावहून शहागंजात येऊ लागला. फुकट. "घरात एक तरी जण पुढं शिकू द्या, गयासभाई," म्हणायचा. गयास त्या वेळेला मुद्दाम बाजाराला निघायचा. परतताना दाराशी पुंडलिकची सायकल अजून टेकलेली दिसली की गल्लीतूनच माघारी वळायचा. शिव्या देणारा माणूस सहन करता येतो. ज्याचं आपण वाटोळं केलं तो आपल्याच पोरीला शिकवतोय, हे सहन करायला गयासकडं काही उपाय नव्हता. तो पाच वेळची नमाज पढू लागला, रोजे कधी चुकवले नाहीत. पण नमाजेतसुद्धा कपाळ टेकलं की निळी शाई दिसायची.

सगीरा हुशार निघाली. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ती प्राणिशास्त्रच घेऊन बसली, आणि पुंडलिकचे रविवार चालूच राहिले. त्र्याण्णवच्या डिसेंबरात एका संध्याकाळी गयास ओसरीवर मटार सोलत होता. सगीरा समोर येऊन बसली. घरात दखनी बोलणारी ती पोरगी अभ्यासाचं बोलताना मात्र मराठीवर यायची.

"अब्बा, पुंडलिककाकांनी मला त्यांच्या मांडुळाची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडची फोटोची प्रतही दाखवली."

"हं."

"ती चौथी जोडी मी पाहिली. मांडुळाची वाटतच नाही. आमच्या पुस्तकातल्या धामणीच्या फोटोशेजारी ठेवली तर शिक्का मारल्यासारखी बसते. काका म्हणतात, त्या आठवड्यात धामणीची एक ट्यूब फुटली होती."

गयासच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"ती धामणीची फुटलीच नसेल तर? फुटली असेल मांडुळाची, आणि उरली असेल धामणीची? मग सगळंच जुळतं. मी काकांना हे बोलले नाही. आधी तुम्हाला विचारावं म्हटलं. चिठ्ठ्या तुम्ही लावल्या होत्या ना?"

आप्पासाहेबांचाच प्रश्न होता. फरक एवढाच, की विचारणारी त्याची लेक होती आणि तिला उत्तर माहीत झालेलं होतं. गयासनं सगळं सांगितलं. पेन्सिल सापडली नाही तिथपासून आप्पासाहेबांच्या खोलीपर्यंत. शेवटी सगीरानं एवढंच विचारलं, "मला शाळेतनं आणायला निघाला होता तुम्ही?"

"तुझा काही कसूर नाही त्यात, बेटा. रॅक पडला ते नशीब. बाकीचं मी केलं."

"मग काकांना तुम्ही सांगा," ती म्हणाली आणि उठली. "तुम्ही नाही सांगितलं तर त्यांच्यासमोर मला अभ्यासाला बसता येणार नाही."

तरी महिना गेला. चौदा जानेवारीला विद्यापीठाचं नाव बदलल्याची घोषणा झाली. सोळा वर्षं ज्यासाठी माणसं मेली, घरं जळाली, ते झालं. गयासनं सकाळी ठरवलं होतं की आज पडेगावला जायचंच, आणि दुपारी विचार बदलला. पुंडलिकच्या आनंदाच्या दिवशी नको. आनंद विरू दे, मग जाऊ. हा विचार मनात आला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. तेव्हा म्हणाला होतास, दुःखात आहे, नको. आता म्हणतोस, आनंदात आहे, नको. तुझ्या सोयीचा दिवस कधी उगवणार आहे, गयास?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पडेगावला गेला. पुंडलिकच्या दाराला निळी झिरमिळी लावलेली होती. राजाबाईनं लाडू पुढं केले. "घ्या भाईजान, तोंड गोड करा. लई वर्सांनी दिस उगवला हा."

"वहिनी, आधी बोलू द्या. मग तुम्हीच ठरवा मला लाडू द्यायचा का नाही."

आणि त्यानं सांगितलं. उभ्या उभ्याच. बसायचं त्याच्या मनाला पटेना.

पुंडलिक भिंतीला टेकून ऐकत होता. संपल्यावर त्यानं जे विचारलं ते तपासनिसाच्या आवाजात विचारलं. "किती ट्यूब उडाल्या?"

"दोन."

"चिठ्ठ्या शाईच्या होत्या?"

"शाईच्या."

"मी पेन्सिल सांगितली होती."

"सांगितली होती."

"आप्पासाहेबांनी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"मला स्लाइड बघितली त्याच दिवशी माहीत होतं. तुम्ही मिठी मारली तेव्हा."

पुंडलिक म्हणाला, "लोकं म्हणाली फोटो बनवलाय, त्याचं मला काही वाटलं नाही. लोकं आमच्याबद्दल काय म्हणतात, ते आम्हाला जन्मापासून ठाऊक आहे. पण गयासभाई, मला वाटत होतं की मीच ते पाहिलं. घर जळालं होतं, मला काहीतरी पाहिजे होतं, म्हणून नव्हतं ते मला दिसलं. मी माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवणंच सोडून दिलं. आजसुद्धा कारखान्यात एक एक भाग तीन तीनदा मापतो. माझ्यावर हसतात सगळे." तो भिंतीपासून पुढं आला. "जे होतं तेच मला दिसलं होतं. धामण होती, धामणच दिसली. मी बरोबर होतो."

"तुम्ही बरोबर होता," गयास म्हणाला. "मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

"शिक्षा देणारा मी कोण? तोंडी माफी मात्र मला नको. ज्यांनी ज्यांनी ऐकलं होतं त्यांच्यासमोर हे लिहून ठेवा. आता जा तुम्ही."

राजाबाईच्या हातात लाडवाची ताटली तशीच होती.

गयासनं दोन दिवस बसून कागद लिहिला आणि आधी तो निवृत्त झालेल्या आप्पासाहेबांच्या घरी घेऊन गेला. आप्पासाहेबांना आता काठी लागत होती. कागद वाचून त्यांनी तो मांडीवर ठेवला. "कशाला आता, गयास? तो कारखान्यात सुखी आहे, तुझी दहा वर्षं नोकरी राहिलीय. मी तेव्हा तुला विचारलं होतं. तूच नाही म्हणालास."

"खोटं बोललो साहेब, गुन्हा माझा आहे. पण मी दोन शब्द बोललो आणि तुम्ही मान्य केले. फोटो खरा आहे असं तो दोन महिने सांगत होता, त्याचं नाही मान्य केलं."

हे बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आप्पासाहेब विभागात आले, लाकडी डबा काढायला लावला आणि पाच नंबरची स्लाइड धामणीच्या स्लाइडीशेजारी स्वतः तपासली. त्यांनी गयासच्या कागदाखाली लिहिलं : सदर स्लाइड धामणीची आहे. श्री. खिल्लारे यांनी निरीक्षणात कोणतीही लबाडी केलेली नाही. मार्गदर्शक म्हणून मी खातरजमा करायला हवी होती, ती केली नाही. कागद विभागाच्या बैठकीत वाचला गेला. तेरा वर्षांपूर्वी चहा पिताना बोललेला माणूस आता वरिष्ठ प्राध्यापक झाला होता. तो खिडकीबाहेर बघत बसला.

गयासची चौकशी झाली. नोकरी राहिली, पण त्याला प्रयोगशाळेतून काढून भांडारात बसवलं. पुन्हा त्यानं काचेवर थेंब सोडला नाही. त्याची त्याला तक्रार नव्हती. उलट पहिल्यांदाच काहीतरी वजनाला वजन बसल्यासारखं वाटलं. पण पुरतं बसलं असंही नाही.

पुंडलिकला त्या कागदाची नक्कल मिळाली. आप्पासाहेबांनी निरोप धाडला होता की पुन्हा नाव नोंदवायचं असेल तर आपण नव्या विभागप्रमुखांशी बोलू. पुंडलिकनं कळवलं, "माझं वय त्रेचाळीस आहे, आणि शिफ्ट सकाळी सातची." त्यापुढं काही लिहिलं नाही. त्या वर्षीच्या ईदला तो आला नाही. आबेदानं दोन वाट्या जास्तीचा शिरखुर्मा केला होता. तिला सगळं कळलेलं होतं, तरी केला. संध्याकाळी तिनं तो शेजाऱ्यांकडं पाठवून दिला.

रविवार मात्र पुंडलिकनं मोडला नाही. सगीराची परीक्षा जवळ आली होती. सायकल भिंतीला टेकवून तो दारातून विचारायचा, "सगीरा आहे का?" पूर्वी विचारायचा, "गयासभाई आहेत का?" गयास आता बाजाराला निघून जात नसे. आतल्या खोलीत दाराआड बसून राही. बाहेर पुंडलिक गुणसूत्रं समजावून सांगत असे, कुठल्या जोडीत काय बदललं, कशावरून ओळखायचं, खात्री कशी करायची. त्याच्या आवाजात एक नवा ठामपणा आला होता. "मला दिसतंय ते असं आहे," असं तो म्हणायचा. सगीरा काही विचारायची, तो उत्तर द्यायचा. मध्येच पाणी मागायचा. पाणी आबेदा नेऊन द्यायची. गयास तांब्या भरून तिच्या हातात ठेवायचा.